तबिथाबाईचं पाणी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती फार, ते मला विचारू नका. माझ्या पणजीनेसुद्धा ही ऐकलेलीच होती. बोरटेक गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या काठी, ख्रिस्ती मंडळींची लहानशी वस्ती होती. वस्तीला स्वतःचा एक आड होता, कारण गावातल्या विहिरीवर त्यांना पाय ठेवायची मुभा नव्हती. वाटसरूचा जीव तहानेने कासावीस झाला, तरी तो या लोकांच्या हातचं पाणी घेत नसे. प्रभूचं नाव घेतलं म्हणून गावाने काही त्यांना जवळ केलं नव्हतं. बाहेरून येणारे उपदेशकही उपदेश करून आपापल्या सुरईतलं पाणी पिऊन परत जायचे.

अशा वस्तीत पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, म्हणून गंगारामबुवा आले. बरोबर त्यांची बायको तबिथाबाई. बाई शहरातल्या सोवळ्याओवळ्याच्या घरात जन्मलेली, पुढे मिशनच्या दवाखान्यात सुईणीचं आणि आजाऱ्यांची सेवा करायचं काम शिकलेली. गाडीतून उतरली ती तडक आडावर गेली. तिथे सोनाबाई नावाची विधवा पाणी शेंदत होती. तबिथाबाईने तिच्यापुढे ओंजळ धरली.

सोनाबाईने घागर मागे ओढली. "बाई, बाटाल की हो," ती म्हणाली.

"मी बाटायची राहिलेय कुठे? ओत तू. घशाला कोरड पडलीय."

तबिथाबाई ओंजळीने पोटभर पाणी प्याली. सोनाबाई तिथेच खाली बसली आणि हमसून हमसून रडली. त्या दिवसापासून वस्तीत रीत पडली, असं म्हणतात. कुणी मंडळी सोडून निघालं, की त्याने जाण्याआधी घरोघरी फिरायचं आणि प्रत्येक घरचं घोटभर पाणी पिऊन निघायचं. एक घर वगळलं, तर त्या घराला मंडळीने टाकलं असा त्याचा अर्थ. या रीतीपुढे पाळकाचंही काही चालत नसे.

बरीच वर्षं गेली. तबिथाबाईने वस्तीतली निम्मी लेकरं आपल्या हाताने जगात आणली. तिची स्वतःची दोन मात्र तान्ही असतानाच गेली. उरली एकटी एस्तेर, आठ-नऊ वर्षांची, बडबडी, दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या घरात. तबिथाबाईचा सगळा जीव त्या पोरीत होता.

आणि एका उन्हाळ्यात पाळकबुवांना बोलावणं आलं. सातपुड्याच्या डोंगरात, जिथे दवाखाना नव्हता की शाळा नव्हती, तिथल्या लोकांनी माणूस मागितला होता. बुवा हो म्हणून बसले. डोंगरातल्या तापाचं तबिथाबाईने पुष्कळ ऐकलं होतं. पण तिथल्या बाया बाळंतपणात कशा मरतात तेही ऐकलं होतं, म्हणून नको म्हणायला तिची जीभ रेटेना. ती रोज एवढंच मागायची, की देवा, माझी एस्तेर तिकडे धडधाकट पोचू दे, बाकी तुझं तू बघ.

वस्तीवर अवकळा पसरली. म्हातारे रुसले. कुणीतरी बुवांच्या गाडीचं जू पळवून कडब्याच्या गंजीत लपवलं, ते शोधण्यात अख्खा दिवस गेला. शोधणाऱ्यांत लपवणाराही होता म्हणे, आणि सगळ्यांत जास्त घाम त्यानेच गाळला! पण जाणारं माणूस असं अडवून थांबतंय थोडंच? भांडीकुंडी बांधली गेली, गाडी जुंपली गेली, आणि बुवा, बाई, एस्तेर असे तिघं निरोपाचं पाणी प्यायला निघाले.

आता इथून पुढचं नीट ऐका. वस्तीच्या टोकाला सोनाबाईचं घर. तिचा एकुलता एक मुलगा थोमा बाजाराच्या गावाहून आला तो पटकी घेऊनच. पहाटेपासून त्याला जुलाब आणि वांत्या. उन्हाळ्याने आड तळाला गेलेला. अंधारात कुणी पाहायच्या आत सोनाबाईने त्याचे कपडे आडाशीच धुतले, ते घाण पाणी पाझरून आत गेलं, आणि त्याच आडातून तिने निरोपाची घागर भरली. घरात आजार आहे असं कळलं, तर पाळकबुवा आपलं घर वगळून जातील, ही एकच धास्ती तिच्या मनात. जिने आपल्या हातचं पाणी जगात पहिल्यांदा घेतलं, ती बाई आपल्या दारातलं पाणी न घेता जाणार? सोनाबाईला ते मरणाहून वाईट वाटलं. तिने गळून गेलेल्या पोराला कणगीमागे निजवलं, वर घोंगडी टाकली आणि हसतमुखाने दारात उभी राहिली.

"थोमा दिसत नाही तो?" तबिथाबाईने विचारलं.

"कामाला गेलाय, बाई. येळ झाला त्याला. तुमी पानी घ्या."

तबिथाबाईच्या नाकाला वास आला. दवाखान्यात राहिलेल्या बाईला तो वास ओळखू येणार नाही, तर कुणाला येणार? तिने सोनाबाईकडे पाहिलं. सोनाबाईचे डोळे त्या भांड्यावर खिळलेले होते, जणू प्राण त्यातच ठेवलाय. तबिथाबाईला वाटलं, आज मी हा हात मागे सारला तर ही बाई उभ्या जागी संपेल. एवढ्या वर्षांचं केलेलं सगळं मातीत जाईल. वास आपल्या मनाचाच असेल. घोटभर तर पाणी.

ती प्याली. मग बुवा प्याले. मग एस्तेरने भांडं हातात घेतलं, आणि तिला तहान लागलेली, पोरीने ते रिकामं केलं.

गाडी निघाली तशी प्रार्थनामंदिराची घंटा वाजायला लागली. सागाच्या दोन खांबांवर टांगलेली ती घंटा एवढी मोठी होती की तिच्याखाली माणूस बसला तर दिसत नसे. शीव ओलांडली, टेकडी ओलांडली, तरी तिचा आवाज गाडीच्या मागे येत होता.

पहिल्या मुक्कामाला चिंचेखाली गाडी सोडली आणि एस्तेर ओकली. संध्याकाळपर्यंत तिचे डोळे खोल गेले. तबिथाबाईने ठाऊक होतं ते सगळं केलं. मीठसाखरेचं पाणी पाजलं, पोटाशी धरून ऊब दिली, आपल्या लेकराचे हातपाय चोळता चोळता तिचे तळवे सोलवटले. दुसऱ्या दिवशी ऊन कलायच्या आत पोर गेली. एकाच भांड्यातलं पाणी तिघं प्याले, आणि न्यायचं तर नेमकं लेकरू नेलं. याचं उत्तर आजवर कुणी दिलेलं नाही, मीही देत नाही.

चिंचेखाली खड्डा खणून बुवांनी लेकीला मातीत ठेवलं. मग ते म्हणाले, "चल, निघू या. तिकडे लोक वाट बघताहेत."

"अहो, तिकडे वाट बघताहेत, आणि इकडे मरायला लागले असतील. सगळी वस्ती त्याच आडाचं पाणी पिते. गाडी वळवा."

"तबिथा, ज्यांनी आपली पोर—"

"पोर मी घालवली. मला वास आला होता," ती म्हणाली. "मला वास आला होता, आणि मी पाजलं तिला."

बुवांनी गाडी वळवली.

वस्तीत शिरले तर रडायचासुद्धा आवाज नाही. थोमा गेला होता. त्याच्यामागे घराघरातून माणसं गेली होती. सोनाबाईने लपवाछपवी केली हे उघड झालं होतं, आणि लोकांनी तिला दगड मारून ओढ्याकाठच्या बाभळीखाली हाकललं होतं. पण तेवढ्याने भागलं नाही. भीती माणसाला काय करेल सांगता येत नाही. आता कुणीच कुणाचं पाणी घेईना. शेजारी शेजाऱ्याला दार उघडेना. ज्या लोकांचं पाणी सगळ्या मुलखाने टाकलं होतं, त्यांनी आता एकमेकांचं टाकलं, आणि दाराआड तहानेने जीभ बाहेर काढून पडले.

तबिथाबाईने आडावर बाभळीच्या काटेरी फांद्या टाकून तो बंद केला. ओढ्याच्या वरच्या अंगाला झरा होता, तिथलं पाणी उकळून प्यायचं असं तिने सांगितलं. पण एवढ्या माणसांचं पाणी उकळायचं कशात? गरिबाची वस्ती, सगळ्यांत मोठं भांडं म्हणजे भाताचं पातेलं. तिने इकडेतिकडे पाहिलं, आणि तिची नजर घंटेवर गेली.

"उतरवा ती. उलटी करून दगडांवर ठेवा."

मंडळीचे वडीलधारे यिर्मयाबाबा आडवे आले. "बाई, देवाची घंटा चुलीवर?"

"देवाला ऐकू येतं, बाबा. घंटा आपल्यासाठी आहे. उतरवा."

घंटा उतरली. सरपण नव्हतं, म्हणून मंदिरातले बाक फोडून जाळले. पाणी उकळलं, निवलं. तबिथाबाई घरोघरी हाका मारून आली. लोक आले, घंटेभोवती लांब लांब उभे राहिले, पण पुढे कुणी होईना. डोळ्यांत संशय. पाणी कुणी आणलं? कुणाचा हात लागला? पोरं आयांच्या पदराला ओढत होती आणि आया त्यांना मागे धरून ठेवत होत्या. तबिथाबाईने स्वतः भांडं भरून पुढे केलं, तर माणसं मागे सरली. तिच्याही घरात मढं झालं होतं ना!

मग ती ओढ्याकडे गेली आणि बाभळीखालून सोनाबाईला हाताला धरून घेऊन आली. सोनाबाईच्या कपाळावर रक्त वाळलेलं. लोकांत कुजबुज झाली. कुणीतरी दगडही उचलला, असं म्हणतात.

तबिथाबाईने तिच्या हातात भांडं दिलं. "वाढ मला."

"न्हाई, बाई," सोनाबाई किंचाळली. "माझ्या हातानं न्हाई. तुमची एस्तेर खाल्ली मी!"

"तुझ्या हाताने नाही, सोना. तू लपवलंस आणि मी ओळखून गप्प बसले. तुला वाईट वाटेल म्हणून गप्प बसले. तुझं लेकरू गेलं आणि माझंही गेलं. वाढ."

आणि तिने ओंजळ धरली. सोनाबाईने डोळे मिटून भांडं कलतं केलं. तबिथाबाई प्याली. प्याली, आणि तिथेच मटकन बसून ती पहिल्यांदा लेकीसाठी रडली. मोठ्याने रडली, लाज न धरता. सगळी वस्ती बघत होती. मग यिर्मयाबाबा पुढे झाले आणि त्यांनी ओंजळ धरली. मग एक बाई. मग सगळे, पोराबाळांसकट, रांगेने, सोनाबाईच्या हातून.

पुढे जे घडलं ते खरं माना, न माना. घंटेतलं पाणी कितीही उपसलं तरी तळ दिसला नाही, असं म्हणतात. घंटेचा लोलक काढून ठेवलेला होता, तरी वस्तीत पटकीने कुणी मरायचं असलं की उकळत्या पाण्याखालून एक बारीक टोल ऐकू यायचा. लोक कान लावून बसायचे. टोल रोज कमी होत गेले, आणि एक दिवस असा उजाडला की पाणी नुसतं रटरटत राहिलं, टोल काही आला नाही. त्या दिवशी पटकीने कुणी मेलं नाही. सोनाबाईने सगळ्यांना पाणी वाढलं, भांडं उपडं घातलं, घंटेच्या कोमट अंगाला पाठ टेकून बसली, आणि उठलीच नाही. तिला पटकी झाली नव्हती. थकली होती बिचारी.

मग पाळकबुवा आणि तबिथाबाई पुन्हा निघाले. तिघं जायचे होते, दोघंच गेले. या वेळी बाईने घरोघरचा फेरा घेतला नाही, आणि कुणी तो मागितलाही नाही. सातपुड्यात ती पुष्कळ वर्षं राहिली, तिकडच्या बाया अजून बाळंतपणात तिचं नाव घेतात, असं म्हणतात. ती परत मात्र कधी आली नाही. वाटेत ती चिंच होती ना.

बोरटेकला घंटा पुन्हा टांगली, पण तिचा आवाज गेला तो गेलाच. आता ती वाजवतही नाहीत. उन्हाळ्यातल्या एका रविवारी ती खाली उतरवतात, उलटी करतात आणि तिच्यात पाणी उकळतात. पाणी निवलं की सगळी मंडळी भोवती बसते आणि सगळ्यांत म्हातारं माणूस विचारतं, "आज सोनाबाई कोण?"

कुणी कुणाचं नाव घ्यायचं नाही, बोट दाखवायचं नाही. ज्याच्या हातून वर्षभरात दुसऱ्याचं वाईट झालंय, त्याने आपणहून उठायचं, आणि ज्याचं वाईट झालं त्याच्यासमोर भांडं घेऊन उभं राहायचं. त्याने ओंजळ धरली तर मंडळीने प्यायचं. नाही धरली, तर सगळ्यांनी तहानेलं घरी जायचं.

माझ्या लहानपणी एका साली रत्नमाला नावाची बाई उठली. तिच्या हयगयीने शेजारणीचं रांगतं पोर टाक्यात पडून गेलं होतं. ती शेजारणीसमोर जाऊन उभी राहिली. शेजारीण खाली मान घालून बसलेली. ऊन डोक्यावर होतं ते कललं. पोरं पाण्यासाठी रडून रडून झोपली. रत्नमाला भरलं भांडं घेऊन तशीच उभी राहिली, बसली नाही आणि कुणी शेजारणीला काही म्हटलं नाही. दिवस मावळायच्या बेताला शेजारणीने मान वर केली. तिने त्या भांड्याकडे पाहिलं, रत्नमालाकडे पाहिलं नाही, आणि ओंजळ पुढे धरली.