बाबालालचा सोडा

“मग गाणं सोडून देऊ का, बुवा?”

दाजीबुवांनी अडकित्त्यात सुपारी धरली होती, ती आधी कातरली.

श्रीरंग आता पन्नाशी ओलांडलेला, चांगलं नाव झालेला गवई. कालच निरोप धाडून आज तो मिरजेला गुरूंकडे आला होता, आणि तेही गोटीसोड्याच्या दोन बाटल्या घेऊन! गळ्याच्या पथ्यापायी या घरात शिष्यांना गार, आंबट, फसफसणारं सगळं वर्ज्य होतं. तरण्याताठ्या पोरांना बुवांनी उसाच्या रसाकडे बघूसुद्धा दिलं नव्हतं.

“मैफली होतात, लोक माना डोलावतात,” श्रीरंग म्हणाला. “पण मला गावंसंच वाटत नाही. तंबोरा जुळवतानाच कंटाळा येतो...”

“ती बाटली आण इकडे.”

बुवांनी अंगठ्यानं गोटी आत दाबली. फट्ट! निम्मी बाटली रिचवली आणि खुशाल ढेकर दिला. श्रीरंग बघतच राहिला, मग त्यानंही दुसरी बाटली फोडून एक घोट घेतला.

“बाबालालच्या पोराच्या हातालाही बापाचीच चव आहे,” बुवा म्हणाले. “तुला काय कमी लागलं?”

“कमी काहीच नाही. पण तो सोडा हा नव्हे...”

“तो म्हणजे कुठला?”

श्रीरंगचा चेहरा एकदम खुलला. विशीतलं पोर बोलावं तसा तो बोलू लागला.

“दुपारी तुम्ही घोरायला लागलात की मी मागच्या दारानं पसार! बाबालालच्या गाडीआड उभा राहून एका दमात बाटली खाली करायची. नाकातोंडात झिणझिण्या. मग वास लपवायला वेलची चघळत परत. संध्याकाळी तुमच्यासमोर बसलो की पोटात नुसता गोळा... पण बुवा, त्या भीतीत लागलेला षड्ज! तसा पुन्हा नाही लागला.”

त्याचे डोळे भरून आले.

“फार आठवण येते हो त्याची.”

“बरीच वर्षं चाललं म्हणायचं हे.”

“शिकत होतो तोवर. तुम्हाला कध्धी पत्ता लागला नाही!” एवढ्या वयातही त्याला त्याची घमेंड होती. “घरातलं एकूण एक दार करकरायचं, पण ते मागचं मात्र शहाणं. एकदासुद्धा वाजलं नाही.”

“हं,” बुवा म्हणाले.

आणि काय झालं ते श्रीरंगला कळायच्या आत त्यांनी त्याच्या हातातली बाटली हिसकावली आणि सगळा सोडा अंगणात ओतून टाकला. मातीवर फेस आला, विरला.

“आजपासून सोडा बंद.”

“बुवा, अहो, माझे केस पिकले...”

“बंद म्हणजे बंद. संध्याकाळी तंबोरा घेऊन समोर बसायचं. वास आला तर गाठ माझ्याशी आहे!”

तोच आवाज. श्रीरंगच्या पोटात कित्येक वर्षांनी तो जुना गोळा उठला. हात आपसूक जोडले गेले.

बुवांनी पान तोंडात टाकलं, चटईवर आडवे झाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

श्रीरंग तिथंच बसून राहिला. मागच्या दाराकडे बघत...

“आता झोपू दे मला,” बुवा भिंतीकडे बघतच म्हणाले. “मागच्या दाराच्या बिजागरीला सकाळीच तेल घातलंय.”