राजाचं काम आणि मागचा ओटा

डोंगरापलीकडच्या एका संस्थानात एक नट होता. देवळाच्या सभामंडपात शंभरेक माणसांपुढे तो राजाचं काम करायचा. लेकीला सासरी पाठवताना तो हळूच "जा बाळ" म्हणायचा, त्याची बोटं जराशी थरथरायची आणि बायकांचे पदर डोळ्यांना लागायचे. एवढं कौतुक झाल्यावर माणूस ताठ चालू लागतो. हाही चालू लागला.

पुढे महाराजांनी दोन हजार माणसांचं नाट्यगृह बांधलं. लांबच्या खेड्यांतून चालत येणारे लोक उशिरा पोहोचायचे, त्यांच्यासाठी अगदी मागे दगडी ओटा केला. महाराजांनी सांगून टाकलं, की पहिल्या खेळात ज्याचं बोलणं त्या ओट्यापर्यंत पोहोचेल, राजाचं काम कायमचं त्याचं.

नटाने रिकाम्या नाट्यगृहात एक आरोळी ठोकून पाहिली. आवाज मस्त घुमला. झालं, स्वारी खूश!

नाटक मंडळीत द्वारपालाचं काम करणारा एक म्हातारा होता. तो तालमीच्या वेळी मागच्या ओट्यावर बसून इतरांचं बोलणं ऐकायचा. त्याने नटाला सांगितलं, की एकदा इथे बसून ऐका, शिवाय माणसं भरली की हा घुमारा राहणार नाही.

नट सगळ्यांदेखत म्हणाला, "दोन वाक्यं बोलणाऱ्याकडून आता मी शिकायचं?"

म्हातारा पुन्हा ओट्यावर जाऊन बसला.

खेळाच्या दिवशी नाट्यगृह गच्च भरलं आणि आवाज काही घुमेना. नट घाबरला, ओरडायला लागला. लेकीच्या निरोपापर्यंत त्याचा घसा पार बसला होता. बोटांची थरथर तर चौथ्या रांगेतही कुणाला दिसली नाही.

मग द्वारपाल आला. पाय रोवून उभा राहिला, पोटभर श्वास घेतला, खांद्यापासून हात उचलला. मागच्या ओट्याकडे पाहत, शेवटचं अक्षरही न गिळता तो सावकाश म्हणाला, "पालखी दाराशी आली आहे, महाराज."

ओट्यावरच्या बायका रडू लागल्या.

खेळ संपल्यावर महाराजांनी ओट्यावरच्या एका आजीला विचारलं, कोणाचं बोलणं कळलं. आजी म्हणाली, "द्वारपाल बोलला तेव्हा कळलं, लेक सासरी चाललीय. तोवर आम्हाला वाटलं, बाप तिला घराबाहेर हाकलतोय."

नटाने मान खाली घातली. त्याला फार लाज वाटली.

राजाचं काम म्हाताऱ्याला मिळालं. द्वारपालाची जागा रिकामी झाली. ती मात्र नटाने स्वतः मागून घेतली आणि दोन वाक्यं महिनाभर घोकली.

तात्पर्य: जागा मोठी झाली म्हणून नुसता आवाज मोठा करून भागत नाही, सर्वांत लांब बसलेल्याच्या जागी जाऊन आधी स्वतः ऐकावं लागतं.