सातांत आठ

"सातांत आठ बसवायचे आहेत, आचार्य. का नाही जमणार?"

त्रिविक्रम मठातला सर्वांत हुशार शिष्य. हे त्याला कोणी सांगायची गरज नसे. आदल्याच दिवशी त्याचा सोबती नरहरी तापाने गेला होता. नदीकाठची चिता अजून धुमसत होती आणि हा गणित घेऊन शेषाचार्यांसमोर उभा. मला अशा हुशारीची चीड येते.

आचार्य जेवणाची पानं मांडत होते.

"नीट सांग."

"एखादी संख्या चार वेळा मांडून गुणली की तिचा चौथा घात. असे घात मिळवून, वजा करून आठ करायचे. एकाचाच घात आठदा घेतला की झालं, ते कुणीही करील. मला सातच घ्यायचेत. वाटेल तेवढे मोठे, पण सातच."

"कधीपासून शोधतोयस?"

"वर्ष सरलं. आता हाताशी आलंय."

"चौथ्या घाताला सोळाने भाग. बाकी काय उरते?"

असली पोरकट आकडेमोड! त्रिविक्रम हसला.

"सम संख्या असेल तर शून्य. विषम असेल तर एक."

"कितीही मोठी असली तरी?"

"कितीही..."

त्याचं हसू मावळलं. सात घात कसेही मिळवा, कसेही वजा करा, बाकी अधिक सात ते उणे सात यांच्याबाहेर सरकेना. आठाला आठच लागत होते.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू विचारलंस कधी? तू सांगायला यायचास."

सात शिष्यांची पानं मांडून झाली. मग आचार्यांनी नरहरीच्या रिकाम्या जागी आठवं पान ठेवलं आणि भांड्यात पाणी ओतलं.

त्रिविक्रमाचा चेहरा पांढराफटक पडला. काल नरहरीच्या उशाशी त्यालाच बसवलं होतं.

"त्यानं पाणी मागितलं होतं..." तो पुटपुटला. "माझं लक्ष पाटीत. म्हटलं, थांब, एवढा गुणाकार होऊ दे. मान वर केली तेव्हा..."



त्रिविक्रमानं भांडं उचललं. डोळे वाहत होते, पुसायचं भान नव्हतं.

"आचार्य... हे पाणी आता मी देऊ का त्याला?"

"घाई नको. गुणाकार होऊ दे. तो थांबलाय."