तीनदा वाजलं की खोडरबर

एका गावात एक भोळी मुलगी होती. एम.ए. झालेली होती, तरी भोळी होती. दुसऱ्या कुणावर ढकलता आली असती तर ही गोष्ट मी ढकलली असती, पण ती मुलगी मीच.

एम.ए. होऊन दोन वर्षं झाली होती आणि नोकरी नव्हती. शेवटी एका शाळेने बोलावलं. बोलावलं म्हणजे, शुक्रवारी अकरा वाजता लॅपटॉपवरून दहा मिनिटांचा इतिहासाचा पाठ घेऊन दाखवा, आवडला तर सोमवारपासून या. मीटिंगची लिंकही उमेदवारानेच बनवून पाठवायची होती. मामेभावाचा जुना लॅपटॉप माझ्याकडे होता. सोमवारी तो सुरू केला, तर स्क्रीन काळी आणि आतून आवाज. टीं, टीं, टीं.

मी दचकले आणि त्याच्यावर गोधडी टाकली.

"गांधीलमाशी आहे का ती?" आत्याने विचारलं. मी आत्याकडेच राहते. माझ्या दचकण्याची तिला सवय आहे.

तालुक्याला सत्तारभाईंचं दुरुस्तीचं दुकान आहे. गोधडीसकट लॅपटॉप तिथे नेला. त्यांनी खालचं झाकण उघडलं, टेबलाच्या लोखंडी पायाला हात लावला आणि आतून मेमरीच्या दोन बोटभर पट्ट्या काढल्या. पट्ट्यांचे सोनेरी दात शाळेतल्या खोडरबराने घासले, पट्ट्या परत बसवल्या. टक् झालं. लॅपटॉप सुरू.

"लक्षात ठेवा ताई," ते म्हणाले. "तीनदा वाजलं की आधी बंद करायचं. लोखंडाला हात लावायचा, म्हणजे अंगातली वीज उतरते. मग आतलं काढायचं, घासायचं, परत बसवायचं."

मी वहीत लिहून घेतलं. खाली दोन रेघा मारल्या.

मंगळवारी लॅपटॉप वाजला नाही. सुरू झाला आणि लगेच अडकला. मेमरी अपुरी आहे, असं स्क्रीनवर लिहून आलं. मी वही उघडली. लॅपटॉप बंद केला, खिडकीच्या गजाला हात लावला, पट्ट्या काढल्या आणि घासायला बसले. अख्खं खोडरबर संपलं. स्क्रीनवर तेच.

सत्तारभाईंना फोन केला.

"वाजलं होतं का?"

"नाही."

"मग घासलंत कशाला?"

"वहीत आहे म्हणून."

"ताई, शिकलात किती?"

"एम.ए."

"बरं." मग त्यांनी समजावलं की सुरू होताना एकदम दहा गोष्टी चालू होतात आणि मेमरीला झेपत नाही. अशा वेळी जे जे चालू आहे ते सगळं बंद करायचं, कामाचं एकच ठेवायचं.

तेही वहीत लिहिलं.

बुधवारी पुन्हा टीं, टीं, टीं. या खेपेला नवा धडा वापरायचा, असं मी ठरवलं. जे जे चालू होतं ते बंद केलं. फ्रीज, पंखा, देवघरातला दिवा, बाहेरची पाण्याची मोटार. मागच्या दारचे आजोबा रेडिओ ऐकत बसले होते, त्यांनाही विनंती केली. एकटा लॅपटॉप चालू ठेवला. तो टीं टीं करत राहिला.

एवढ्यात डोक्याला शिकेकाई लावलेली आत्या न्हाणीघरातून बाहेर आली. डोळे घट्ट मिटलेले होते.

"वृंदे, पाणी कुणी बंद केलं?"

"मेमरीला झेपत नाही, आत्या."

गुरुवारी आत्यानेच मला हाताला धरून दुकानात नेलं. तिने सगळं सांगितलं. सत्तारभाईंनी ऐकून घेतलं आणि मी एम.ए.च ना, असं पुन्हा एकदा विचारलं. मग म्हणाले, "दोन्हीतली एक पट्टी खराब असणार. एकेक काढून बघायची. जिच्यामुळे आवाज होतो ती बाहेर. जी गप्प राहते ती आपली." तसंच निघालं. एक पट्टी बाहेर ठेवली आणि लॅपटॉप निमूट सुरू झाला.

हा धडा मी वहीत लाल पेनाने लिहिला.

शुक्रवारी अकरा वाजता लॅपटॉप हूं की चूं न करता चालू झाला. पाठ होता किल्ल्यांवरच्या पाण्याच्या टाक्यांचा. पडद्यावर दोन चौकोन आले. एकात मुख्याध्यापिका पाथरकरबाई. दुसऱ्यात पागोटं घातलेले एक वयस्कर सर. बाई बोलायला लागल्या आणि लॅपटॉप कर्कश किंचाळला. मी दचकले. त्या पुन्हा बोलल्या, पुन्हा किंचाळला. सर मात्र गप्प होते.

मी वही उघडली. लाल पेन.

खिडकीच्या गजाला हात लावला आणि बाईंना बाहेर काढलं.

लगेच शांतता झाली. मग मी असा पाठ घेतला की काय सांगू. सरांनी एकदाही अडवलं नाही. नजर हलवली नाही. शेवटी मी विचारलं, "काही शंका, सर?" शंका नव्हती.

बाहेर येऊन आत्याला सांगितलं की नोकरी पक्की. एक बाई आवाज करत होत्या, त्यांना काढलं. सर फार सज्जन, शेवटपर्यंत ऐकत होते. गळ्यात हारसुद्धा होता, नुकताच सत्कार झाला असावा.

आत्याने हातातली परात खाली ठेवली.

"पागोटं होतं?"

"हो."

"आणि पापणी लवली का गं त्यांची?"

"नाही ना. इतकं लक्ष होतं."

"वृंदे, ते त्या शाळेचे संस्थापक. कार्यालयातल्या कॉम्प्युटरसमोर भिंतीवर असतात. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली."

आत्या म्हणाली, घाबरू नकोस, पाथरकरबाई मनाने चांगल्या आहेत. चुकून झालं हे त्यांना कळेल, त्या स्वतःहून फोन करतील. आला की माफी माग आणि पाठ पुन्हा घे. एवढं बोलून ती आत पीठ मळायला गेली.

आणि खरंच फोन आला. मी दचकले. एकदा वाजला. दोनदा वाजला. तीनदा वाजला.

हे मला वही न बघता येत होतं.

"कुणाचा गं?" आत्याने आतून विचारलं.

"पाथरकरबाईंचाच," मी म्हटलं. "बंद केलाय. कार्ड काढलंय. खोडरबर कुठेय?"