वीतभर वण

घाट उतरून आलं की पहिल्याच फाट्यावर एक लहान गाव होतं, आणि त्या फाट्यावर हणमंतकाकांचं पंक्चरचं दुकान. दुकान काकांचं खरं, पण गिऱ्हाइकाशी बोलायच्या त्या द्वारकाकाकू. काकांचं बोलणं पान्याशी आणि हातोडीशी. दिवसभरात दहा शब्द बोलले तर अकरावा उसना आणावा लागायचा.

काकूंचं तसं नव्हतं. गाडी थांबली की माणूस नीट खाली उतरायच्या आत तो कुठला, कुठे निघाला, घरी कोण कोण, धाकट्या बहिणीचं कुठे जमलं की नाही, हे काकूंना कळलेलं असायचं. एवढं खोदून विचारूनही कुणी रागवायचं नाही, कारण विचारता विचारताच त्या पाण्याचा तांब्या आणि मूठभर चुरमुरे पुढे करायच्या. पंक्चरमधलंही त्यांना काकांइतकंच कळायचं. एकाला म्हणायच्या, "खिळा मधोमध आहे, चारी बाजूंनी जाड रबर आहे. बाहेरूनच रबराची वात घालू, पाच मिनिटांत मोकळे व्हाल." दुसऱ्याला म्हणायच्या, "तुमचं भोक पडलंय कडेला. तिथं वात धरायची नाही, घाटात सुटेल. टायर उतरवून आतून ठिगळच लावायला पाहिजे. बसा निवांत." वीस वर्षांत हे त्यांनी किती जणांना ऐकवलं असेल, त्याला गणती नाही.

काकूंचा आणखी एक उद्योग होता. गावातली निम्मी लग्नं त्यांनी जुळवलेली. कुणाच्या घरी उपवर मुलगी आहे आणि कुठल्या गावच्या पाहुण्यांना कशी सून हवी आहे, हे त्यांना तोंडपाठ. त्यामुळे मुलीच्या बाबतीत काकू काही बोलल्या, की ती गावात काळ्या दगडावरची रेघ व्हायची.

शेजारी उत्तम आणि शालन राहायचे. उत्तम दुधाचा टेम्पो चालवायचा. त्यांना एकुलती एक लेक, कस्तुरी. चार वर्षांची झाली तरी अंगाने दोन वर्षांची दिसायची. सारखी खोकायची, चार पावलं पळाली की बसायची. पण चेहरा असा हसरा की बघणाऱ्याची दृष्ट लागावी. दुपारभर ती दुकानात एका जुन्या टायरवर बसायची आणि काका ट्यूब पाण्यात बुडवायचे तेव्हा बुडबुडे कुठून येतात ते सगळ्यांच्या आधी बोट लावून दाखवायची. काकूंचा तिच्यावर फार जीव. दर दिवाळीला पहिल्या आंघोळीचं तेल-उटणं तिला काकूंच्याच हातचं लागायचं.

एकदा अंगणवाडीत मुलं तपासायला डॉक्टर आले. त्यांनी कस्तुरीच्या छातीला नळी लावली आणि ती बराच वेळ काढलीच नाही. मग शहरातल्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी फोटो काढून बघितले आणि उत्तम-शालनला समोर बसवून सांगितलं, की मुलीच्या हृदयात जन्मापासून भोक आहे. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात, चिंचोक्याएवढं. अशी भोकं बुजवायच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत छाती उघडावी लागत नाही. मांडीच्या शिरेतून बारीक नळी नेतात आणि भोकात बटणासारखी चकती बसवतात. योग्य जागी असेल तर ती चांगली धरते आणि पोर दोन-तीन दिवसांत घरी जातं. पण कस्तुरीचं भोक झडपेला अगदी लागून आणि मोठं होतं. तिथे बटण बसवलं तर ते झडपेत अडकायचं, नाहीतर सुटून रक्ताबरोबर वाहत जायचं. हिला दुसरीच तऱ्हा, म्हणजे छाती उघडून ठिगळ शिवणं. त्यातही जोखीम असते हे त्यांनी लपवलं नाही, पण हिच्यासाठी तोच जास्त सुरक्षित रस्ता, असं त्या स्पष्ट म्हणाल्या. आधीच उशीर झालाय, दोन महिन्यांत उरकू, म्हणून तारीखही दिली. खर्च सरकारी योजनेतून होणार होता.

गावात परतल्यावर शालनने पिशवी खाली ठेवायच्या आत काकू दारात हजर. सगळं ऐकून त्यांनी पदर तोंडाला लावला, आणि मग एकदम त्यांना आठवलं. त्यांच्या माहेरची भाची पद्मा! तिच्याही हृदयाला भोक होतं. मांडीतून बटण बसवलं, तिसऱ्या दिवशी पोर घरी येऊन भाकरी खात होती. आज अंगावर बघायला गेलं तर मांडीवर टाचणी टोचल्याएवढी खूण.

"आणि हिला म्हणे छाती फाडायची," काकू म्हणाल्या. "शालन, पोरीची जात आहे. वीतभर वण राहील, तोसुद्धा छातीच्या मधोमध. उद्या पाहुणे आले की पहिलं काय विचारतात ते मला माहीत आहे, तुला नाही."

"पण काकू, बाई म्हणाल्या, हिला बटण चालायचं नाही."

"त्यांना कापायची सवय. आपण दुसरीकडे विचारू."

यात काकूंचं पाप एवढंच, की त्यांना पोरीची माया होती आणि तोंडाला खीळ नव्हती. पद्माच्या दवाखान्याचं नाव, खाटेचा नंबर, तिथल्या नर्सचं सासर कुठलं, हे सगळं त्यांनी त्या वेळी विचारून घेतलं होतं. पद्माचं भोक नेमकं कुठे होतं, हे मात्र त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

उत्तमचं मन आधीच कच्चं होतं. लेकीच्या छातीवर सुरी फिरणार या विचाराने त्याला टेम्पो चालवताना दरदरून घाम फुटायचा. काकूंच्या बोलण्याने त्याला पळवाट सापडली. तारीख आली आणि गेली. दवाखान्यातून दोनदा फोन आला. एकदा पाहुण्यांकडे लग्न आहे म्हणून सांगितलं, एकदा उचललाच नाही. मग काकूंनी सुचवलेल्या दवाखान्यात गेले. तिथेही तेच उत्तर. आणखी एकीकडे गेले. तिथले डॉक्टर तर म्हणाले, इथे बसलात तेवढा वेळही वाया घालवू नका. काकू म्हणाल्या, "कुठेतरी बसवणारा भेटेलच. पद्माला भेटला नव्हता का?"

असं करता करता वर्ष गेलं, दुसरं लागलं. आणि एक नवल झालं. कस्तुरीचा खोकला कमी होत होत थांबला. सारखा ताप यायचा तो येईना. गाल जरासे भरले. काकूंचा आनंद गगनात मावेना. त्यांनी शालनला घेऊन टेकडीवरच्या देवीची ओटी भरली आणि वाटेत भेटेल त्याला सांगितलं, की भोक आपोआप भरत आलंय, उगाच पोरीला कापायला निघाले होते.

हणमंतकाका तेव्हा एका मोटारसायकलचं चाक खोलत होते. मान वर न करताच ते म्हणाले, "सूं आवाज थांबला म्हणजे भोक बुजलं असं नसतं. एकदा नीट दाखवून आणा."

"पोर आहे ती, टायर नव्हे," काकू हसून म्हणाल्या. काका पुन्हा चाकाकडे वळले. नंतर काकूंना ते हसू फार दिवस कानात ऐकू यायचं.

कस्तुरी सहा वर्षांची झाली. शाळेच्या मैदानात एक दिवस ती पोरींबरोबर धावली आणि मटकन खाली बसली. वर्गाच्या बाईंनी जवळ जाऊन बघितलं तर ओठ जांभळाच्या रंगाचे, नखंही तशीच. उत्तमने दुधाच्या टेम्पोतच तिला घातलं आणि त्याच पहिल्या दवाखान्यात नेलं. या वेळी काकूही बरोबर गेल्या.

त्याच डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी सगळ्या तपासण्या केल्या, एक नळी आत घालून दाबही मोजला. मग त्या खुर्ची ओढून जवळ बसल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण त्या हळू आवाजात सांगत होत्या. भोकातून जास्तीचं रक्त इतकी वर्षं फुप्फुसांवर आदळत राहिलं. त्या माराने तिथल्या रक्तवाहिन्या जाड आणि कडक झाल्या. वाट अरुंद झाली म्हणून रक्त कमी जाऊ लागलं, म्हणून खोकला थांबला. ते बरं होणं नव्हतं. आता उलटं झालं होतं, अशुद्ध रक्त त्याच भोकातून अंगात जात होतं, म्हणून ओठ जांभळे. ते भोक हीच हृदयाची सुटकेची वाट होती. ती बंद केली तर हृदय दाब पेलणार नव्हतं.

"मग आता?" शालनने विचारलं.

"आता बटणही नाही आणि टाकाही नाही. औषधांनी जेवढं सांभाळता येईल तेवढं सांभाळू."

उत्तम भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग काकूंनी विचारलं, आणि त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही, "बाई, माझ्या भाचीला बसलं होतं बटण. हिला का नव्हतं बसत?"

डॉक्टरीणबाईंनी कागद घेतला. हृदय काढलं. वरच्या पडद्यात मधोमध एक गोल काढला. तुमच्या भाचीचं बहुतेक असं असेल, चारी बाजूंनी भक्कम कड, म्हणून बटण धरलं. मग खालच्या पडद्यात, झडपेला अगदी खेटून, दुसरा गोल काढला. हे कस्तुरीचं.

काकू त्या कागदाकडे बघत राहिल्या. एक भोक मधलं, एक कडेचं. एकाला बाहेरून वात, दुसऱ्याला उतरवून आतून ठिगळ. वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही त्या हे समजावून सांगायच्या, वेळ लागेल पण बसा म्हणायच्या. आणि आपल्या मांडीवर वाढलेल्या पोरीच्या वेळी त्यांनी भोक कुठे आहे हे विचारलंच नाही. वण कुठे पडेल एवढंच बघितलं.

गावात आल्यावर काकू शालनचे पाय धरायला गेल्या. शालनने त्यांना धरून उठवलं. म्हणाली, "तोंड तुमचं होतं काकू, पण कान आमचेच होते." यापेक्षा जास्त ती कधीच बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर काकूंना त्या गोड लागल्या असत्या.

तेव्हापासून काकूंनी लग्नं जुळवणं सोडलं. दुकानात गाडी आली तर पाणी देतात, चुरमुरे देतात, पण कुणाचं काही विचारत नाहीत. आता काकांनाच बोलावं लागतं.

कस्तुरी आजही टायरवर बसते. पळत नाही. बुडबुडे दिसले की बोट लावून दाखवते, आणि तेवढ्यानेही तिचा श्वास जरा वाढतो.

त्या वर्षी दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला काकू जाणार नव्हत्या. कुठल्या तोंडाने जायचं? पण कस्तुरीच हाका मारत दारात आली. काकूंनी तिला पाटावर बसवलं, तेल लावलं, उटणं कालवलं. पाठीला लावलं, हातांना लावलं आणि छातीशी येऊन त्यांचा हात थांबला.

छाती नितळ होती. वीतभर सोडाच, तिळाएवढाही वण नव्हता. काकूंनी जे जपायला सांगितलं होतं, ते जसंच्या तसं जपलेलं होतं. त्याखाली ते इवलंसं हृदय धापा टाकत होतं, आणि त्याची धडधड काकूंच्या तळव्याला लागत होती.

"काकू, पाणी गार होतंय," कस्तुरी म्हणाली.

काकूंनी डोळे पुसले आणि तांब्या भरून घेतला.

तात्पर्य: आपल्या माणसाला जो उपाय लागू पडला, तोच शेजाऱ्याला लागू पडेल असं समजू नये, दुखणं कुठे आणि कसं आहे हे जाणणाऱ्याचं ऐकावं आणि मायेपोटीसुद्धा अर्धवट सल्ला देऊ नये. अंगावर पडलेला वण घेऊन माणूस जन्मभर जगतो, पण वणाला भिऊन घालवलेला वेळ कुठल्याच टाक्याने जोडता येत नाही.