सांगणाऱ्याचा पाट

मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून ऐकणाऱ्या मोठ्या माणसांनो, जो दिवसभर दुसऱ्यांची दुःखं ऐकतो, त्याने आपलं दुःख कुठे ठेवावं?

फार पूर्वी नदीकाठच्या एका गावात ऐकणाऱ्यांचं घर होतं. ओसरीवर समोरासमोर दोन पाट मांडलेले असत, एक सांगणाऱ्याचा आणि एक ऐकणाऱ्याचा. मन जड झालेलं माणूस तिथे येई, बोले आणि हलकं होऊन जाई. घर चालवणाऱ्या वृद्धेला सगळे आक्का म्हणत. तिच्या हाताखाली येसू नावाची मुलगी हे काम शिकत होती.

त्या घराची एक रीत होती. दिवेलागणीला ऐकणारीने स्वतः सांगणाऱ्याच्या पाटावर बसायचं आणि मनात साचलेलं बोलून टाकायचं.

येसूला ती रीत पटत नसे. सांगणाऱ्याच्या पाटावर दुबळ्यांनी बसावं, असं तिला वाटे. आक्काने विचारलं की ती म्हणे, "आज काही नाही, आक्का. मी ठीक आहे."

पण ती ठीक नव्हती. तिला घास गिळवेना. डोळे मिटले की दिवसभराचे रडवेले चेहरे समोर येत. तरी ती सकाळी सगळ्यांच्या आधी पाटावर हजर असे.

एके दिवशी दूरदेशी गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणारी एक बाई येऊन गेली. तिच्यामागून कुंभारीण आली. तिचं तान्हं बाळ तापाने गेलं होतं. ती अडखळत, थांबत बोलत होती. येसू मान हलवत होती, पण शब्द तिच्यापर्यंत पोचतच नव्हते. कुंभारीण गप्प झाली तेव्हा येसू म्हणाली, "धीर धरा. पावसाळा सरला की परत येतील ते."

कुंभारणीने तिच्याकडे पाहिलं. "कोण परत येईल, बाई?"

कुंभारीण उठली, पदर सावरला आणि निघून गेली.

संध्याकाळी येसूने आपलं गाठोडं बांधलं. "आक्का, मी जाते. हे काम माझ्याच्याने होणार नाही."

"जायचं तर जा," आक्का म्हणाली, "पण आधी माझं ऐक." आणि ती स्वतः सांगणाऱ्याच्या पाटावर बसली. "ती कुंभारीण दारातून गेली आणि मला तुझा राग आला. मग माझाच आला. तुझे डोळे खोल गेलेले दिसत होते, तरी मी तुझ्या 'ठीक आहे'वर विश्वास ठेवला."

येसू चकित झाली. "तुम्हीसुद्धा या पाटावर बसता?"

"मग पलीकडच्या गावची ठकूबाई होडीतून येते ती काय माझं ताक प्यायला? माझं ऐकायलाच येते ती. तिचं ऐकणारी आणखी कुणी आहे." आक्काने पाट रिकामा केला. "ऐकायला तू शिकलीस, पोरी. आता सांगायला शिक. ते आल्याशिवाय तुझं शिक्षण पुरं व्हायचं नाही."

येसू त्या पाटावर बसली. आधी नुसती रडली. मग एकेक चेहरा तिच्या ओठांवर आला आणि उतरून गेला. आक्काने मध्ये एकही शब्द टाकला नाही. शेवटी तिने गरम भाकरी वाढली आणि येसूने ती सगळी खाल्ली. गाठोडं पुन्हा खुंटीला गेलं.

म्हणून लक्षात ठेवा: दुसऱ्याचं मन हलकं करण्याचं काम ज्याने हाती घेतलं, त्याने आपलं मनही वेळच्या वेळी हलकं करावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी येसू कुंभारवाड्यात गेली आणि म्हणाली, "काल मी तुमचं ऐकलंच नाही. माझं चुकलं. आज ऐकू का?" चिखल तुडवणारी कुंभारीण थांबली, तिने पाय धुतले आणि अंगणात दोन पाट मांडले.