प्रसाद बारा वाजता

"पण बुवा, मधेच बदललं तर?"

या एका प्रश्नापायी हेमांगीची तीन रात्री झोप उडाली होती. मठाची वेबसाइट ती सांभाळायची. उद्या उत्सव. हजारो लोक मोबाइलवर एकच गोष्ट बघणार, प्रसाद किती वाजता. आणि गेल्या वर्षी ऐन सकाळी साइट बंद पडली होती. यंदा पुन्हा पडली तर काम दुसऱ्याला देऊ, असं विश्वस्तांनी गोड शब्दांत कळवलं होतं.

साइट बंद पडण्याचं कारण तिला पक्कं ठाऊक होतं. मठाचा इतिहास, पत्ता, वेळा... वर्षातून एखाद्या वेळी बदलणारा मजकूर. पण येणाऱ्या प्रत्येकासाठी साइट तो आतून नव्याने गोळा करायची, पान नव्याने मांडायची. एकदा मांडलेलं पान जपून ठेवावं आणि सगळ्यांना तेच दाखवावं, एवढं तिला शिकवलेलं होतं. तिने तसं करूनही पाहिलं होतं. नेमकी तेव्हाच प्रसादाची वेळ अलीकडे आली, जुनं पान तसंच दिसत राहिलं आणि एक बसभर माणसं उपाशी परतली.

तेव्हापासून ती काहीच जपून ठेवत नव्हती. लेकीचा ताप उतरून दोन दिवस झाले तरी दर तासाला थर्मामीटर लावणारी बाई आणखी काय करणार, असं तिचं तिलाच वाटायचं.

अच्युतबुवांनी सगळं ऐकून घेतलं. मठाच्या दारात बसून आल्यागेल्याला उत्तरं देण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती.

"आज इथे तू बस," ते म्हणाले. "कुणी प्रसादाची वेळ विचारली, की आत स्वयंपाकघरात जाऊन सगुणाबाईंना विचारायचं. मग सांगायचं."

"दर वेळी?"

"मधेच बदललं तर?"

...

हेमांगी बसली. शेजारी तिची लेक मिहिका, पायरीवर खडे मांडत.

पहिल्या माणसासाठी ती अंगण ओलांडून स्वयंपाकघरात गेली. सगुणाबाई हसून बारा म्हणाल्या. पाचव्या वेळी हसल्या नाहीत. नवव्या वेळी त्यांनी मान वर केली नाही. चौदाव्या वेळी मात्र डाव हातात घेऊनच त्या दाराशी आल्या.

"ताई, बारा. मघाशी बारा, आत्ता बारा, तुम्ही पाठ फिरवल्यावरसुद्धा बाराच. मला भाजी ढवळू द्याल का?"

ती परतली तोवर दाराशी रांग लागली होती. एक म्हातारे गृहस्थ कंटाळून उत्तर न घेताच निघून गेले.

हेमांगीचा धीर सुटला. भिंतीला टेकून ठेवलेला फळा तिने ओढला आणि खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'प्रसाद बारा वाजता'.

रांग पांगली.

ती बुवांकडे वळली.

"आणि आता बदललं तर?" तिचा आवाज चढला. "दर दहा मिनिटांनी मी आत जाऊन बघून येऊ?"

बुवांनी फळा पुसायचं ओलं फडकं उचललं. हेमांगीने ते घ्यायला हात पुढे केला.

बुवा तिच्या हातावरून पुढे गेले. सावकाश अंगण ओलांडलं, आणि फडकं सगुणाबाईंच्या चुलीशेजारच्या खिळ्याला अडकवून आले.

...

वेळ बदलणार ती तिथे, मग फळा पुसायला येणारही तिथूनच, हे खिळ्याकडे बघता बघता हेमांगीच्या ध्यानात आलं.

"मुलगी केवढी?" बसता बसता बुवांनी विचारलं.

"चार वर्षांची," हेमांगी म्हणाली. हे तरी तिला कुठे जाऊन विचारावं लागलं नाही.

मिहिकाने खड्यांवरची नजर काढली नाही.

"साडेचार," ती म्हणाली. "मी सकाळीच सांगितलं तुला. तू हं म्हणालीस."